घोंगडीवरचा तवा

आमच्या ब्लॅकगम ओढ्याकाठच्या ठासणी बंदूक मंडळाचा खरा नियम एकच, बाकीची सगळी पोटकलमं. सन अठराशे चाळीसनंतरची कुठलीही वस्तू मैदानावर दिसता कामा नये. त्यामुळे दर ऑक्टोबरात केंटकीच्या या डोंगरात दोन दिवस तंबू पडतात, गाड्या टेकडीमागे लपवल्या जातात आणि एरवी विमा विकणारी माणसं हरणाच्या कातड्याचे सदरे घालून घामाघूम होतात. बंदुका अर्थात नव्याच; नमुना तेवढा जुना. गेल्या वर्षी घेतलेली बंदूक दोनशे वर्षांची वाटावी म्हणून लोक तिच्या दस्त्यावर साखळीनं ओरखडे काढतात. छातीत पेसमेकर असलेल्या हार्लन टॅकेटला मात्र समितीनं मोठ्या मनानं सूट दिली आहे.

मी या मंडळाचा पंच. नेम यथातथाच, म्हणून पंच.

शेवटच्या दिवशी घोंगडीची स्पर्धा असते. ज्याला भाग घ्यायचा असेल त्यानं जुन्या धर्तीची एक वस्तू आणून घोंगडीवर ठेवायची. मग नेमबाजी. पहिला येईल त्यानं घोंगडीवरून हवं ते आधी उचलायचं, मग दुसऱ्यानं, असं शेवटच्यापर्यंत. एकदा ठेवलेली वस्तू परत मागायची नाही.

शेवटचा नंबर व्हर्लिन स्टॅम्परचा. दर वर्षी. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू ओततात, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं आत ठासतात. व्हर्लिन बोलत बोलत बंदूक भरतो आणि दारू ओतायचंच विसरतो. मग घोडा पडतो, चकमकीची ठिणगी उडते, आणि त्यापुढे काहीही घडत नाही. घोंगडीवर तो दर वर्षी दारू ठेवायचं एक तडकलेलं शिंग ठेवी. ते कुणीच उचलत नसे. शेवटी व्हर्लिनच्या वाट्याला तेच येई आणि तो ते समाधानानं घरी नेई.

यंदा ते शिंग कुत्र्यानं खाल्लं. म्हणून व्हर्लिननं तंबूत शिरून हाताला लागेल ती जुनी वस्तू आणली आणि घोंगडीवर ठेवली. त्याच्या हिशेबात काही चुकत नव्हतं. घोंगडीवर ठेवलेली आपली वस्तू संध्याकाळी आपल्याकडेच येते, हा त्याचा आजवरचा अनुभव होता.

ती वस्तू म्हणजे त्याच्या बायकोचा, ओनायडाचा, बिडाचा तवा.

हा तवा ओनायडाच्या आईचा. काळाभोर, जड, खोलगट, आणि इतका मुरलेला की मक्याच्या पिठाचा पाव भाजून तवा उपडा केला की पाव अख्खाच्या अख्खा सुटून येतो, काठाला खरपूस. साबणानं मुरलेलं सगळं धुऊन जातं, म्हणून त्याला साबण कधी लागलेला नाही. गरम पाण्यानं पुसायचा, डुकराच्या चरबीचं बोट फिरवायचं, की झालं. व्हर्लिनच्या बहिणीकडे, जिनीव्हाकडे, तिच्या आईचा असाच तवा आहे. पण तिचा पाव भिंतीचा गिलावा खरवडावा तसा निघतो. चर्चच्या जेवणात लोक तो चमच्यानं खातात आणि लोण्याची स्तुती करतात. जिनीव्हाचा भावजयीच्या तव्यावर कित्येक वर्षं डोळा होता. आणि जिनीव्हा आमच्या मंडळात दर वर्षी पहिली येते.

ओनायडा घेवड्याच्या पातेल्यात डाव फिरवत होती, तेव्हा तिची नजर घोंगडीवर गेली.

"व्हर्लिन, तवा तिथं काय करतोय?"

"असू दे गं. संध्याकाळी येतो की परत."

जिनीव्हानं बंदूक पुसता पुसता विचारलं, "कुणाकडे?"

व्हर्लिनच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला, पण उजेडानं तवा परत येत नाही. ओनायडा माझ्याकडे आली. मी तिला नियम सांगितला. पंचाला दुसरं येतं काय? तिनं विचारलं, नावं अजून घेताय का. घेत होतो. तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच नेम शिकवला होता. लग्नानंतर तिनं बंदूक सोडली होती, कारण एका घरात बंदुकीवर बोलणारा एक पुरे.

भाग घ्यायचा तर घोंगडीवर वस्तू हवी. ती तंबूत गेली आणि व्हर्लिनची बीव्हरच्या कातड्याची टोपी घेऊन आली. ही टोपी तो झोपताना उशाशी ठेवतो. तिनं ती तव्याशेजारी ठेवली आणि नवऱ्याच्या हातातली बंदूक काढून घेतली.

"येईल की संध्याकाळी परत," ती म्हणाली.

तिची पहिली गोळी निशाणाच्या कागदाच्या काठाला जेमतेम लागली. पुढची आत सरकली. त्यानंतर हाताला सगळं आठवलं असावं, कारण काळं वर्तुळ मधोमध फाटत गेलं. व्हर्लिननं आपल्या पाळीला तीच बंदूक मागून घेतली आणि नेहमीप्रमाणे दोनदा दारूशिवाय गोळी ठासली. जिनीव्हा मात्र एकदा, मला वाटतं वर्षानुवर्षांत प्रथमच, भावजयीच्या कागदाकडे बघून मग बार उडवायला गेली आणि तिचा नेम थोडा ढळला. शेवटी दोघी बरोबरीत.

बरोबरी सुटते कुऱ्हाडीवर. ओंडक्यात कुऱ्हाड रोवतात, धार नेमबाजाकडे, आणि धारेच्या दोन्ही अंगांना मातीची एकेक चकती. गोळी नेमकी धारेवर बसून दुभंगली पाहिजे आणि दोन तुकड्यांनी दोन चकत्या फुटल्या पाहिजेत.

जिनीव्हाची एक फुटली. एक राहिली.

ओनायडा बंदूक भरायला लागली. तेवढ्यात व्हर्लिनला पश्चात्ताप झाला. तो तिच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला. "ओना, मी काय म्हणतो..."

पुढचं वाक्य आलं नाही. जिनीव्हानं मागून येऊन त्याच्या तोंडावर हात दाबला होता.

"भरणाऱ्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली. "गप."

तो बोलला असता तर तवा जिनीव्हाचाच होता. हे तिच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. ओनायडानं वळून न बघता दारू ओतली, गोळी ठासली, नेम धरला. बार झाला. धूर हलेना. हलला तेव्हा ओंडक्यावर नुसती कुऱ्हाड उभी होती, दोन्ही अंगांना काही नाही. हार्लन टॅकेटनं छातीवर हात ठेवला, पण तो आनंदानं.

ओनायडानं तवा उचलला. जिनीव्हानं टोपी उचलून तिथंच डोक्यावर चढवली; व्हर्लिनपेक्षा तिलाच शोभत होती. व्हर्लिनची पाळी आली तेव्हा घोंगडीवर एकच वस्तू उरली होती, जिनीव्हानं ठेवलेला, राखेच्या खारात घरी बनवलेला साबण. विटेएवढा, आणि वासानं विटेपेक्षा जड.

त्याच तव्यात पाव भाजला गेला, अख्खा सुटला, घेवड्याबरोबर सगळ्यांनी खाल्ला. जेवण झाल्यावर व्हर्लिन आपण होऊन भांडी घासायला उठला. सुधारला बिचारा, असं आम्हाला वाटलं. तो एका हातात तवा आणि दुसऱ्या हातात साबण घेऊन ओढ्याकडे निघाला होता.

पहिल्यांदा पाहिलं जिनीव्हानं. ती त्या टोपीसकट धावली. मागून ओनायडा, तिच्या मागून मी, कारण पंच हवाच.

"साबण?" जिनीव्हानं धापा टाकत विचारलं. "बिडाच्या तव्याला?"

"लख्ख निघतो अगदी," व्हर्लिन म्हणाला. "आई गेली तेव्हा तुझ्याकडची सगळी भांडी मीच नव्हती का घासून ठेवली? आईचा तवा तर असा घासला, चांदी नुसती. कुणी आभारसुद्धा मानले नाहीत."

इतकी वर्षं आपल्या हातालाच चव नाही, असं धरून चाललेली जिनीव्हा भावाकडे बघत राहिली. मग तिनं ओनायडाकडे पाहिलं. हसू आधी कुणाला फुटलं, ते मी पंच असूनही सांगू शकत नाही. दोघी ओढ्याकाठच्या खडकावर बसल्या आणि एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून हसत राहिल्या. टोपी पाण्यात पडली, तीही कुणी लगेच काढली नाही.

"बुधवारी तुझा तवा घेऊन ये," ओनायडा डोळे पुसत म्हणाली. "चरबी लावून मंद आचेवर ठेवू. थंडी सरेतो मुरेल परत."

"आणि याला?"

"याला काही लागू पडत नाही गं."

व्हर्लिन ओली टोपी पिळत माझ्याकडे आला. साबण त्यानं काखेत नीट धरला होता.

"हा अठराशे चाळीसच्या आधीचा म्हणून चालेल का रे?" त्यानं हळूच विचारलं. "पुढच्या वर्षी घोंगडीवर ठेवायला?"

चालेल, मी म्हणालो. पण कोण उचलणार तो? परत तुझ्याच गळ्यात पडेल.

"तेच तर," व्हर्लिन म्हणाला. तो अतिशय खूश दिसत होता.