मुरलं की मुरली

मंगळवारी दुपारी मी शेडमागे सुरुंगाच्या तारा गुंडाळत होतो, तेव्हा मुकादम धावत आला. "दादा, वहिनी सात नंबरच्या खुणेवर वाळूत गेल्या. मोजकाठीचं टोक तेवढं दिसतंय."

आम्ही नवरा-बायको एकाच कामावर. मी सुरुंग उडवायचो, ती जमीन किती खचली ते मोजायची. काम संपलं की काठी बाहीनं लख्ख पुसून ठेवायची.

ओल्या वाळूत खोलवर सुरुंग उडवला की पाणी वर येतं, वाळू खाली बसते. पण बसली म्हणून लगेच धरत नाही. आधी असते त्याहून कच्ची होते, आणि मग महिनोन्‌महिने कडक होत जाते. वरचं पाणी ओसरलं की आम्ही म्हणतो, मुरलं. वाळूनं धरलं की म्हणतो, मुरली.

त्या दिवशी तिनं लांबून विचारलं होतं, "झालं का हो?" मी मान न उचलता ओरडलो, "मुरलं!" तिनं 'मुरली' ऐकलं. "अर्धा शब्द गिळायची सवय तुमची, एक दिवस ठसका लागेल," असं ती नेहमी म्हणायची.

तीन दिवस खणलं. काढावी तेवढी वाळू बाजूनं आत यायची. ती सापडली नाही.

तेव्हापासून दर महिन्याला मी बारा खुणांवर सळई दाबून बघतो. पाचव्या महिन्यात अकरा ठिकाणी सळई दाबताना माझा घाम निघाला. सातवर मात्र चार मीटरखाली सळई आपसूक हातभर जाते आणि थांबते. खाली कुणी धरावी तशी.

"इथं कुठंतरी पाणी मुरतंय," मुकादम म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

काल साहेब आले. "काका, एका खुणेपायी पाया अडलाय. मुरली लिहा, सही करा. उद्या काँक्रीट ओततो."

"मुरली नाही, साहेब."

"तुम्हीच हलक्या हातानं दाबत असाल. आणा इकडे."

त्यांनी दाबली. हातभर गेली, थांबली. ओढली तर येईना. मुकादमानंही जोर लावला. मग मी नुसता हात ठेवला, तशी सुटून वर आली.

ओल्या वाळूतून आलेली सळई. तिला एक कण चिकटला नव्हता. लख्ख पुसलेली होती.

साहेब गाडीत जाऊन बसले.

अकरा खुणांपुढे मी 'मुरली' लिहून सही केली आहे. सात नंबरपुढे लिहायचं राहिलं आहे.