भिंत धरून ठेवा

गजराबाईने लाल दोरी थर्माकोलच्या खिडकीतून ओवली आणि अशी करकचून आवळली, की नाटकातल्या यरीहो शहराचा अख्खा तट पुढे झुकला. निर्मलाने गाठ सोडून पाहिली. ती सुटेना.

"मावशी, मेंढरू नाही बांधायचंय."

"दोरी सुटली तर घरातली समदी मरतील, म्हणलीस ना? मग आवळाय नगं व्हय?"

निर्मलाने तट मागे ढकलून सरळ केला. घोडेगावच्या त्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत नाताळचं नाटक दरवर्षी तीच बसवायची. यंदा तिने बायबलमधली राहाबेची गोष्ट काढली. बदनाम बाई, पण परक्या देवावर भरवसा टाकून त्याच्या लोकांच्या दोन हेरांना छपरावर लपवणारी. शहराचा तट पडेल तेव्हा खिडकीत लाल दोरी असलेलं तिचं घर तेवढं वाचेल, असा शब्द हेरांनी तिला दिलेला. हेर व्हायला पोरं भांडली, तट पाडायला तर रांग लागली. राहाब व्हायला मात्र एकही बाई तयार होईना. शेवटी प्रार्थनामंदिरामागच्या रानात मेंढ्या घेऊन उतरलेल्या गजराबाईला गळ घातली.

"माज्या खंडोबाला चालंल," ती म्हणाली होती. "तुमच्या देवाला इचारा."

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून निर्मला गोष्ट सांगायची आणि ती प्रश्न विचारून भंडावून सोडायची.

"त्या दोघांनी निस्ता शब्द दिला, आन् हिनं दोरी बांधली?"

"हो."

"आन् घरात कुणाकुणाला घ्यायचं?"

"आई, बाप, भाऊ, बहिणी. आत येतील ते वाचतील."

"भणी बी?"

"बहिणी पण," निर्मला म्हणाली आणि पडद्याची घडी घालू लागली.

तिची धाकटी बहीण मोहिनी तमाशाच्या फडात गायला गेली, तेव्हा वडिलांनी तिला मंदिराची पायरी बंद केली होती. पुढे वडील गेले, फडही मोडला. मोहिनी आता कळंबला शिवणकाम करायची. नाताळला न चुकता यायची, फाटकाबाहेर उभी राहून गाणी ऐकायची आणि शेवटचं गाणं सुरू झालं की निघून जायची. यंदा तिला हाक मारायचीच, असं निर्मला दरवर्षी ठरवायची. लोक काय म्हणतील, या धास्तीने तिचा पाय उचलत नसे. या भित्रेपणाची तिला मनापासून लाज वाटे.

"दिवाळीला आमी कळंबात व्हतो," गजराबाई म्हणाली. "एक शिवणकाम करणारी बाई रोज हंडाभर पाणी द्यायची. लई मायेची. गानं बी ग्वाड. भण घोडेगावात हाय म्हणायची."

निर्मलाने ऐकलं नाही असं दाखवलं.

नाटकाच्या दिवशी गजराबाईने निम्मी वाक्यं शिकवलेली म्हटली, निम्मी पदरची. हेरांना तिने कडब्याखाली असं दडपलं, की एकाला शिंक आली. राजाचे शिपाई आले, तर त्यांनाच दटावलं, "हितं काय बघताय? गेले ते खालच्या वाटंनं. पळा." मंडप हसून लोटपोट झाला.

मग तुतारी वाजली. पोरांनी तटाला खांदे लावले. गजराबाईने खिडकीतून वाकून मंडपापलीकडे पाहिलं आणि हात वर केला.

"थांबा. भिंत धरून ठेवा रे. माज्या घरातलं एक मानूस भाईर हाय."

हे नाटकात नव्हतं. तुतारी अर्ध्यावर थांबली. लोक मागे वळले आणि फाटकाशी उभी असलेली मोहिनी सगळ्यांना दिसली.

पडद्याआड निर्मलाच्या हातातली वही खाली पडली.

"निर्मला, तू जा. आन तिला. म्या खिडकी सोडून येत न्हाई."

"काकू, लवकर," तटामागून एका पोराचा आवाज आला. "बांबू निसटतोय."

निर्मला निघाली. खुर्च्यांमधून, सगळ्यांच्या देखत, अनवाणी. वडिलांच्या बरोबरीचे सोमाजीकाका वाटेत बसले होते. त्यांनी खुर्ची बाजूला ओढली. मोहिनी परत फिरलीच होती. निर्मलाने तिचं मनगट धरलं.

"सोड, ताई. सगळे बघतायत."

"बघू देत. भिंत खोळंबलीय."

मोहिनीला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. गजराबाईने दोघींना खिडकीखाली बसवलं, आपण मागे बसली आणि मोठ्याने म्हणाली, "आता पाडा."

खिडकीपुरता भाग सोडून तट कोसळला, पोरं त्यावर नाचली, टाळ्या थांबेनात. निर्मलाला इतका आनंद झाला होता, की तिने बहिणीचा हात सोडलाच नाही.

शेवटचं गाणं सुरू झालं. सवयीप्रमाणे मोहिनी जायला उठली आणि मागे ओढली गेली. तिचा पदर लाल दोरीला बांधलेला होता. गजराबाई समोर बघत शांत बसली होती.

निर्मलाने गाठीला हात घातला, जरा चाचपली आणि तशीच राहू दिली.

"बस खाली," ती म्हणाली. "दुसरं कडवं मला येत नाही. तूच गा."