कुलदीपने सांगायला केलेला उशीर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. तळवड्यातल्या एका घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये सध्या माझा मुक्काम असतो. चाकणच्या कंपनीत कायम झाल्यावर कुलदीपने मला घरी आणलं. त्याच्या आईने, अंबुबाईंनी, माझ्या चाकाखाली लिंबू ठेवून मला हळदकुंकू वाहिलं. ऊन असो, धुकं असो, मी त्याला शिफ्टला कधी उशिरा पोचवलं नाही. लग्नानंतर साधना मागे बसू लागली. आळंदीला जाताना ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून दिवसभराचं सगळं बोलत असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे कंपनीच्या कामासाठी कुलदीप काही आठवडे परराज्यात राहिला. तिथे त्याचं पाऊल घसरलं. परत आल्यावर अंगावर चट्टे उठले, तेव्हा त्याचा मित्र धम्मरत्न त्याला दवाखान्यात घेऊन गेला. सिफिलिस निघाला, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा गुप्तरोग. बाहेर येऊन कुलदीप माझ्या सीटवर मान खाली घालून बसला.

"इंजेक्शनने बरा होतो म्हणाले ना डॉक्टर," धम्मरत्न म्हणाला. "पण भावा, वहिनींचीही तपासणी करायला सांगितलीय. आजच सांग त्यांना."

"सांगतो रे. जरा थांब."

त्याने स्वतः औषध घेतलं. साधनाला मात्र काही सांगितलं नाही. कितीदा तरी तो तिला इंद्रायणीकाठी न्यायचा, मला स्टँडवर लावायचा आणि नुसता चहा पिऊन परत फिरायचा. पुढे तिला दिवस गेले. दवाखान्यात रक्त तपासतील या धास्तीने तिला तिथे नेणंही तो काही ना काही सबब काढून पुढे ढकलत राहिला.

पाचव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. असा आजार आईकडून पोटातल्या बाळालाही होतो, म्हणून डॉक्टरांनी दोघांना रक्त तपासायला बोलावलं. दवाखान्याच्या फाटकाशी मला उभं करून कुलदीपने अखेर सगळं सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं होतं?" साधनाने विचारलं.

"तुला दिवस जायच्या आधी."

"मग गप्प का राहिलात?"

"तू सोडून जाशील असं वाटलं."

"गेलेही असते," ती म्हणाली. "पण औषध घेऊन गेले असते."

आणि ती एकटीच आत गेली.

औषधाने तीही बरी झाली. माहेरी गेली, काही महिन्यांनी परत आली. दोघं एका घरात राहतात, पण ती माझ्यावर बसत नाही. कुलदीपही कंपनीच्या बसने जातो.

मित्रांनो, असा आजार कुणालाही होऊ शकतो आणि त्यावर उपाय असतो. लाज वाटली तरी जोडीदाराला लगेच सांगा, दोघांनी मिळून दवाखान्यात जा. समोरचं माणूस रागावेल, कदाचित निघूनही जाईल. पण त्याच्या जिवाची काळजी वेळेवर घेतली जाईल. कुलदीपला हे आज कळतं. सुट्टीच्या दिवशी तो शेडमध्ये येतो, माझं मागचं सीट फडक्याने पुसतो आणि मला सुरू न करताच घरात जातो.