पूर्णिमाचा नवा रक्तगट

पूर्णिमाला रक्ताचा आजार झाला, तेव्हा तिला वाचवलं ते तिच्या थोरल्या भावानं. बंगळूरच्या दवाखान्यात युवराजनं आपल्या हाडातला मगज बहिणीला दिला. ती बरी झाली, पण जन्मापासून ओ पॉझिटिव्ह असलेली बाई रिपोर्टात बी पॉझिटिव्ह निघाली. भावाचा रक्तगट!

ती हबकलीच. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिन्यांत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. आता त्या नव्या करायचं काम भावाकडून आलेला मगज करतो, एवढंच. कातडी तर सगळ्यांचीच सारखी बदलत असते.

"मग मी पहिलीच हाय, का दुसरीच कोण?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. ते तुमचं तुम्हीच ठरवायचं, म्हणाल्या.

वडगावला घरी आल्यावर नवऱ्यानं, रविराजनं, विणायचा माग बंद करून चहा केला. पहिल्याच घोटाला पूर्णिमानं साखर कमी म्हणून कप परत केला. रविराजला हायसं वाटलं. औषधांनी गळलेल्या केसांच्या जागी नवे आले ते कुरळे आले, पण कुणापुढं मान न वाकवायची खोड होती तशीच राहिली. फक्त भावापुढं तेवढी ती वाकायची. माहेरी, उचगावात, युवराज भेटेल त्याला सांगायचा, आमची पुनी आता निम्मी मीच हाय म्हणून. तिलाही ते ऐकून बरं वाटायचं.

मग एके दिवशी त्यानं तिला माहेरी बोलावून घेतलं. रस्त्याकडेचं वारलेल्या वडिलांचं, आप्पांचं, रान विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईक बेळगावचं होतं. पूर्णिमानं आपला वाटा सोडल्याची सही करायची, एवढंच राहिलं होतं. आई, मनुबाई, भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. पूर्णिमा म्हणाली, मला विकायचं न्हाय, माझा वाटा मी कसणार.

युवराज चिडला नाही. उलट तिच्या जवळ सरकून बसला.

"पुनी, तुझ्या अंगात वाहतंय ते माझं रक्त हाय. आपण दोघं एकच झालो. मग वाटणी कुणाची कुणाशी करायची, सांग?"

ज्यानं जीव वाचवला त्याला नाही कसं म्हणायचं? तिनं पेन उचललंसुद्धा. उचललं आणि त्याच्याच पुढ्यात ठेवलं.

"एकच असू, तर सही तू कर. सगळं माझ्या नावावर लाव. काय फरक पडतोय?"

"तसं न्हवं गं..."

"तसं न्हवं, म्हंजे आपण दोघं हाय." ती थांबली नाही. "अण्णा, तुझ्यामुळं मी जिती हाय, हे मी मरंपर्यंत सांगीन. पण तू दिलेला थेंब कवाच संपला. आता हाय ते रक्त माझ्या अंगात, माझ्या भाकरीवर तयार झालंय. रोज होतंय. उद्या सगळं अंग नवं झालं तरी आप्पांची लेक मीच."

"मग माझं मला परत दे," तो ओरडला.

तिनं बाही वर सारून हात पुढं केला. "घे काढून. सही मात्र व्हायची न्हाय."

मनुबाईनं शेंगांची पाटी बाजूला सारली. "युवराज, कागद उचल," ती म्हणाली. "दोन जन्मली होती माझ्या पोटी."

त्यानं कागद उचलला आणि तो बाहेर निघून गेला.

पुढं मोजणी झाली, मधे हद्दीचा बांध, मेर, पडली. युवराजनं आपला वाटा विकला नाही. गिऱ्हाइकाला अर्धं रान नको होतं. पावसाळ्यात पूर्णिमानं रविराजला घेऊन आपल्या पट्ट्यात रताळ्याचे वेल लावले. सरीवर वाकून तिची कंबर धरायची, दम लागायचा, पण गडी लावायला ती तयार नव्हती.

भाऊबीजेला युवराज वडगावला आला नाही. तर हीच ताट घेऊन उचगावला गेली. तो गुमान पाटावर बसला. तिनं ओवाळलं, कुंकू लावलं.

ती निघाली तेव्हा तो दारातून म्हणाला, "तुझे वेल माझ्या मेरंवर आलेत."

"वळवून घेते," पूर्णिमा म्हणाली. "'तुझे' म्हणालास, तेवढं बरं झालं."