दहा मिनिटांची चिठ्ठी

सोजरबाईच्या कारखान्यातलं घड्याळ अर्धा तास पुढं होतं, आणि ते पुढं आहे असं बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. बाया नऊला यायच्या, म्हणजे साडेआठला यायच्या. एखादीनं पदराआडून मोबाइल बघितलाच तर सोजरबाई म्हणायची, "ते तुज्या नवऱ्याचं घड्याळ. हितं माजं चालतं." सुटी मात्र काम संपल्यावर. तेव्हा घड्याळाकडं कुणीच बघायचं नाही.

कारखाना म्हणजे अक्कलकोट रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याची शेड, वीस मशिनी आणि शाळेचे गणवेश. करकंबहून नवऱ्यासोबत सोलापुरात आली तेव्हा सोजरबाईजवळ एक मशीन आणि दुसरीपर्यंतची शाळा होती. नवरा गेला, शाळा विसरली, मशिनी वाढल्या. तिची खरी इस्टेट होती पुठ्ठ्याचे फर्मे. कापडावर ठेवून, खडूनं आखून कापायचे. प्रत्येक इयत्तेचा फर्मा वेगळा, आणि त्यात कुठं किती माया सोडायची, म्हणजे शिवणीच्या आत किती जादा कापड दुमडून ठेवायचं, हे तिचं स्वतःचं गणित. पोरगी सहावीत वाढते ती उंचीनं, आठवीत वाढते ती अंगानं. सोजरबाईचा गणवेश दोनदा उसवून सैल केला की तीन वर्षं जायचा. चार वर्षांमागं एक व्यापारी चहा पीत पीत ह्या फर्म्यांचे फोटो काढून गेला आणि पुढच्या जूनमध्ये तसेच गणवेश दुसरीकडून शिवून विकायला बसला. तेव्हापासून फर्मे कपाटात आणि किल्ली सोजरबाईच्या कमरेला.

पण उंदरांना किल्ली लागत नाही. सातवीचा फर्मा त्यांनी कुरतडला तेव्हा नात अपेक्षानं सगळे फर्मे मापासकट कॉम्प्युटरवर चढवले आणि तिथून इंटरनेटवरच्या भाड्याच्या कोठारात नेऊन ठेवले.

ह्या वर्षी विजापूरकडच्या सात निवासी शाळांच्या गणवेशाचं काम निघालं. खरेदी बघणाऱ्या, जुन्या ओळखीच्या वैजयंती मॅडम. दिवाळीनंतर मार्चपर्यंत कारखान्यात माशा मारायची पाळी येते. हे काम मिळालं तर विसाच्या वीस बायांना घरी बसावं लागणार नव्हतं. मॅडमनी सांगितलं, सोमवारी साडेचारला सातही मुख्याध्यापक एकत्र बसणार, तेव्हा पडद्यावर फर्मे दाखवा.

"फाइल द्यायची न्हाय," सोजरबाई म्हणाली.

"फाइल नाही देत, आज्जी. लिंक देते. चिठ्ठीच समज. तिच्यावर आपली सही असती आणि कधीपासून कधीपर्यंत चालंल ती वेळ असती. कोठाराच्या दारावर ती सही बघत्यात, वेळ बघत्यात, मगच दार उघडत्यात. वेळ सरली की चिठ्ठी रद्दी."

"आन तिनं ती चिठ्ठी दुसऱ्याला दिली तर?"

"तर त्यालाबी दार उघडतं. चिठ्ठी ज्याच्या हातात त्याची. म्हणून तर वेळ थोडी ठेवायची."

"आन उघडल्यावर उतरून घेतलं तर?"

अपेक्षा खोटं बोलली नाही. "तेवढ्या वेळात घेता येतं, आज्जी."

सोजरबाईनं विचार केला. वैजयंती मॅडमनी आजवर दिलेला शब्द मोडला नव्हता. भीती होती ती चिठ्ठी गावभर फिरण्याची. "मग दहा मिनटं दे. भाजीला फोडणी द्यायला तेवढी पुरत्यात."

सोमवारी सव्वाचारला अपेक्षानं लिंक तयार करून मॅडमना पाठवली. दोन मिनिटांत फोन आला. "उघडत नाही हो."

अपेक्षानं दुसरी पाठवली. तीही उघडेना. तिसरी पाठवली तोवर साडेचार वाजून गेले. मॅडमनी पडद्यावर आलेल्या इंग्रजी ओळीचा फोटो पाठवला. अपेक्षानं वाचला आणि तिचा चेहरा पडला. "अजून वेळ झालेली नाही, असं म्हणतंय."

"कसली वेळ? पंचमीची का संक्रांतीची?"

"कळंना गं. सही बरोबर हाय. मी तीनदा बघितली."

फोन स्पीकरवर होता. मागं माणसांची कुजबूज चालली होती. मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोजरबाई, दुसऱ्या पार्टीचं नमुन्यांचं पुस्तक इथं हातोहात फिरतंय. दोन मुख्याध्यापकांनी त्यावर सही पण केली. तुम्ही फाइलच मेल करा ना. त्यात काय एवढं?"

सोजरबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तीन चिठ्ठ्या दिल्या, तिन्ही फुकट, आणि आता म्हणे फाइलच द्या. त्या चहा पिऊन गेलेल्या व्यापाऱ्याचंही बोलणं असंच गोड होतं. "मॅडम, सासरी पोरगी देतानाबी आमी चार दिवस माहेराला आणतो. कायमचं देऊन टाकायला ते काय हळदी-कुंकवाचं वाण हाय?"

"बरं, तुमची मर्जी," मॅडम तुटकपणे म्हणाल्या. "मी लाइन चालू ठेवते."

अपेक्षा रडायच्या बेताला आली. "माझंच कायतरी चुकलं असंल, आज्जी. शुक्रवारी पुण्याला परीक्षेला जायच्या आधी चालत होतं. मी करून बघितलं होतं."

मशिनी एकेक करून थांबत गेल्या. काजं करायला बसलेली बसव्वा, अक्कलकोटकडची, सोजरबाईइतकीच म्हातारी, सुई दातात धरून ऐकत होती. तिनं सुई काढली. "अक्का, शनिवारी प्रिंटरवाला आलता की."

"आलता. मग?"

"मग काय. तू त्याला काय सांगितलीस, मी सांगू का तू सांगतीस?"

शनिवारी झालं होतं असं: एका बाईनं उशिरा येऊन वर तोंड केलं होतं, "आज्जी, आपल्याच कॉम्प्युटरात पावणेनऊच वाजल्यात बघा." नवऱ्याच्या मोबाइलचं सोजरबाईनं चालवून घेतलं असतं, पण कॉम्प्युटर कारखान्याचा. एका छपराखाली दोन वेळा तिला खपणार नव्हत्या. प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला तिनं फर्मावलं, भिंतीवर आहेत तेवढेच ह्यातही वाजव. त्यानं वाजवले. आणि अपेक्षा लहानपणापासून ह्याच शेडमध्ये वाढलेली; पाच दिसले की साडेचार वाचायची तिच्या डोळ्याला सवयच होती. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या आकड्यांचंही तिनं न कळत तेच केलं होतं.

फोन चालूच होता. बसव्वा बघत होती. एकोणीस बाया मान खाली घालून कान वर करून बसल्या होत्या. गुपचूप नातीच्या कानात सांगता आलं असतं. सोजरबाईनं पदर खोचला.

"घड्याळ अर्धा तास पुढं हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "भितीवरलंबी आन ह्यातलंबी. मीच केलंय."

"म्हंजे आपला कॉम्प्युटर चिठ्ठीवर अर्ध्या तासानंतरची वेळ टाकतोय!" अपेक्षा ओरडलीच. "आणि त्या तर आत्ताच दारात उभ्या! आज्जी, कोठाराला काय माहीत तुझं घड्याळ!"

"कळलं मला. तोंड बंद, हात चालव."

अपेक्षानं कॉम्प्युटरची वेळ सुधारली, चौथी लिंक पाठवली. पलीकडून मॅडमचा आवाज आला, "उघडलं!"

पुढची दहा मिनिटं सोजरबाई उभी राहून फोनवर बोलली. कुणी तरी पुरुषी आवाजात विचारलं, आठवीच्या कुडत्याला बगलेत एवढं कापड कशाला वाया घालवता. ती म्हणाली, "सर, तुमाला पोरगी हाय का? मग घरी जाऊन तिच्या आईला इचारा." पलीकडं हशा पिकला. मग आवाज आला, "बंद झालं हो हे."

अपेक्षानं आज्जीकडं बघितलं.

"आनखी दहा दे," सोजरबाई म्हणाली. "माणूस इचारतंय, म्हंजे वाचतंय."

सव्वापाचला मॅडमचा एकटीचा फोन आला. दोन शाळांचं काम सोजरबाईला दिलं होतं. उरलेल्या पाच शाळांनी चिठ्ठी उघडण्याआधीच दुसऱ्या पार्टीच्या कागदावर सह्या केल्या होत्या. "वीस मिनिटं आधी दाखवलं असतं तर चित्र वेगळं असतं, सोजरबाई," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात, म्हणूनच जास्त लागलं.

सोजरबाईनं फोन ठेवला आणि बायांकडं वळली. "दोन शाळा मिळाल्या. सहाजणींचं काम हाय. पाच शाळा माज्या हट्टानं गेल्या. कुणाला मला शिव्या द्यायच्या असत्याल तर आत्ता द्या, उद्या ऐकून घेनार न्हाय."

बसव्वाच म्हणाली, "शिव्या राहू दे. घरी कुनाला बसवतीस ते सांग."

"कुनालाच न्हाय. पाळीपाळीनं समद्या येतील. ज्या दिवशी पाळी न्हाय त्या दिवशी माज्या नावानं बोटं मोडा."

"रोजचंच हाय ते," कोपऱ्यातून एक आवाज आला आणि तोंडावर पदर घेऊन बाया हसल्या. सोजरबाईनं तो आवाज कुणाचा हे ओळखलं आणि सोडून दिलं.

तिनं अपेक्षाला परत मॅडमचा नंबर लावायला सांगितला.

"मॅडम, एकच इचारते. त्या पाच शाळांनी खेळाचा ड्रेस कुनाला दिला?"

"खेळाचा? तो विषयच झाला नाही अजून. गुरुवारी अकराला बसतील."

"खेळताना गुडघा पयला फाटतो. तितं दुहेरी कापड आन खाली माया, असा फर्मा कुनी दावलाय का त्यांना?"

"नाही बाई. तुमच्याकडं आहे?"

"गुरुवारी पावणेअकराला चिठ्ठी यील. तासाभराची. निवांत बघा म्हणावं."

फोन ठेवल्यावर अपेक्षा म्हणाली, "आज्जी, खेळाच्या पँटचा फर्मा आपल्याकडं कुठाय?"

"न्हाय म्हणून तर गुरुवार सांगितला," सोजरबाई म्हणाली. तिनं कपाटातून कोरा पुठ्ठा काढला आणि बसव्वाला हाक मारली, "इकडं ये गं, तुज्या नातवाचा गुडघा किती वर येतो, दाव जरा."