दाताखालचा दोरा

मोनिका गायकेच्या पार्लरात भुवया नुसत्या करून मिळत नसत, घडवून मिळत. हर्सूलच्या रस्त्यावरचं दुकान एवढंसं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि मागच्या खोलीत मोनिका आणि तिची आई द्वारकाबाई यांचा संसार. पण वैजापूरकडच्या नवऱ्या मुलीसुद्धा लग्नाआधी इथं येऊन बसायच्या. दोऱ्याचं एक टोक मोनिकाच्या दातात, दुसरं हातात, मान जराशी मागंपुढं. खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत काम झालेलं असायचं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्याच आरशात दिवसभर मागं मोनिकाचाही चेहरा दिसायचा. रुंद, चौकोनी जबडा, थेट आईचा. आईला तो शोभला. मोनिकाला बघायला आलेल्या सात जणांना मात्र तो खटकला. शेवटच्या स्थळातली आत्या तर पोह्यांची बशी हातात असतानाच म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पण तोंड बाप्याचं वाटतं." पोहे मात्र तिनं संपवले. पस्तिशीला टेकलेली मोनिका त्याच आठवड्यात एका दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची तारीख ठरवून आली.

आईला तिनं सांगितलं, अक्कलदाढ काढायचीय. अक्कल आधीच निघाली होती, दाढेचं कशाला नाव घ्यायचं! शुद्धीवर आली तेव्हा डोक्यावरून हनुवटीखाली पट्टा आवळलेला, तोंडात रक्ताची चव आणि चेहऱ्याचा भोपळा. जबड्याचे दोन्ही कोपरे आतून कापून काढले होते, हनुवटी निमुळती केली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. ओरडायलाही तोंड उघडेना. पलंगाशेजारी द्वारकाबाई उभी होती. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"माझंच तोंड नको झालं व्हय गं तुला?" ती एवढंच बोलली.

त्यानंतर महिनाभर द्वारकाबाईनं लेकीला चमच्यानं पेज भरवली, मुगाचं कढण पाजलं, लाळ पुसली. सगळं केलं, पण तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. चमचा बरोबर ओठाशी यायचा आणि नजर भिंतीवर असायची. टाक्यांपेक्षा मोनिकाला तेच जास्त दुखायचं.

सूज उतरली. आरशात हवा होता तसा, कैरीसारखा निमुळता चेहरा आला. खालचा ओठ आणि हनुवटी मात्र परत आली नाही. म्हणजे दिसायची, पण जाणवायची नाही. पेज ओघळली तरी पत्ता नाही, चहानं भाजलं तरी पत्ता नाही. "नस दुखावते कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने लागतात, सहा लागतात. काहींचं येतच नाही. सही केलेल्या कागदावर लिहिलंय सगळं." मोनिकानं सही केली होती, वाचलं नव्हतं.

ओठाला दोरा कळला नाही तर दातात धरायचा कसा? आणि दोरा गेला तर पार्लर कुठलं? ती रोज सकाळी डोळे मिटून हनुवटीवर टाचणी टोचून बघायची. आज तरी लागू दे, आज तरी. हर्सूलच्या देवीला तिनं आधी नारळ कबूल केला, मग खण, मग साडी. देवी भाव वाढवत गेली. ओठ लाकडासारखाच राहिला.

अडीच महिन्यांनी फहमिदा टीचर आल्या. पंधरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. "संध्याकाळी माझ्या लेकीची, मुबश्शिराची मंगनी आहे, मोनिका," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं कुठं जाऊ मी? तूच कर."

नाही म्हणायला हवं होतं. पण निम्मी लग्नसराई अशीच निघून गेली होती, बायका समोरच्या पार्लरात वळल्या होत्या, आणि मोनिकाला वाटलं, हात तर माझेच आहेत. तिनं दोरा दातात धरला. निदान धरलाय असं तिला वाटलं.

डावी भुवई झाली. उजव्या भुवईला दोन झटके दिले आणि फहमिदांच्या कपाळावर टपकन थेंब पडला. लाल.

"या अल्ला! काटी क्या तू मेरेकू?" त्या किंचाळल्या.

मोनिकानं कापसानं कपाळ पुसलं. जखम कुठंच नव्हती. पुन्हा पुसलं, तर नवा थेंब पडला. फहमिदांनी मान वर केली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मेरा नहीं, बेटा. तेरा है ये."

मोनिकानं आरशात बघितलं. दोरा दातात नव्हताच. तो खालच्या ओठात रुतला होता, आणि एवढ्या हौसेनं करून घेतलेल्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तिला काहीच लागत नव्हतं. ती रडायला लागली. अश्रू गालांवर गरम लागले, त्याच्या खाली कुठं गेले ते कळलं नाही.

"गेलं माझं, टीचर," ती हुंदके देत म्हणाली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले मी. आता कशावर जगू?"

किंकाळी ऐकून द्वारकाबाई मागच्या खोलीतून आली होती. ती दारात थबकली. मग पुढं येऊन तिनं लेकीची हनुवटी हातात धरली, ओठावर कापूस दाबला आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. रक्त थांबेपर्यंत बघत राहिली. नंतर तिचं लक्ष खुर्चीकडं गेलं.

"आन् ह्यांचं काय? लेकीची मंगनी हाय. एका भुवईनं जातील व्हय?"

"मला नाही जमणार, आई."

"हात धुऊन नवा दोरा घे. टोक दे इकडं."

द्वारकाबाई लेकीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि तिनं दोरा दातात धरला. मोनिकानं त्याला बोटांत पीळ दिला. आरशात आता तीन चेहरे होते. आईचा रुंद जबडा घट्ट आवळला होता, दोरा तसूभर हलत नव्हता. असाच जबडा आपल्याला होता, असाच धरायचा. तो आपण सही करून दवाखान्यात टाकून आलो.

"आई, चुकलं माझं," मोनिका म्हणाली.

द्वारकाबाईच्या तोंडात दोरा होता, तिला बोलता येईना. तिनं तो आणखी जरा ताणून धरला. तो ताण मोनिकाच्या बोटांना कळला.