चुन्याची रेघ

“आयकू नका काका. फक्त बादलीभर पाणी द्या,” गाडीतून उतरता उतरता श्वेता म्हणाली.

बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. गॅरेजवाला नथू सवयीप्रमाणे स्टुलावरून उठून गाडीकडे पाठ करून उभा राहिला होता, तो तसाच राहिला. चाळीस वर्षांत त्याला असं कोणी सांगितलं नव्हतं.

माळशेजच्या रस्त्यावर टोकावड्याला ज्याची गाडी एकदा तरी बंद पडली आहे, त्याला नथूचं ऐकणं माहीत आहे. तो आधी बॉनेट उघडतच नसे. गाडीकडे पाठ, डोंगराकडे तोंड आणि हात मागे बांधलेले. ड्रायव्हरने एक्सलेटर दाबायचा. मिनिटभराने नथू न वळता सांगायचा, डायनामोचं बेअरिंग, नाहीतर तिसरा टॅपेट. मग बॉनेट उघडायचं ते नुसतं खात्रीपुरतं. घाटात फिरायला निघालेली मुंबईची मंडळी हा प्रकार मोबाइलमध्ये घेत, आणि त्या वेळी नथू पाठ जरा जास्तच ताठ करी. त्याचं लोखंडी स्टूलसुद्धा रस्त्याकडे पाठ करून मांडलेलं असे. “तोंड बगून डागदर फसतो, मी नाय,” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

श्वेता ही इंद्रजीतची मुलगी. इंद्रजीत एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर त्याने ही सात सीटची पांढरी गाडी घेतली, आणि दोन वर्षांत तो गेला. तेव्हापासून गाडी श्वेता चालवते. आठवड्यातून तीन दिवस टोकावडे-धसईकडच्या चार पेशंटना ती डायलिसिससाठी कल्याणला नेते आणि परत आणते. एसटीचे धक्के खात एवढं जाऊन येणं त्या माणसांना जमत नाही.

“पाणी देतो. पण चाललीस कुठं?” नथूनं विचारलं.

“मुरबाडला. गाडी बगायला माणूस येणार आहे बारा वाजता. पसंत पडली तर तिथंच देऊन टाकीन.”

“इंद्रजीतची गाडी?”

“मग काय करू काका? तुमी म्हणालात पट्टा ढिला आहे. नवा पट्टा टाकला, तरी तापते. दुसरीकडं दाखवली तर ते म्हणतात हेड गेलं, इंजिन उतरवायला लागेल. परवा सरळगावच्या पुढं भर उन्हात उभी राहिली. धोंडीबाई मागं आडवी पडलेली, नुकती मशीनवरून उठलेली. तिला काय झालं असतं तर?”

तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे नथूला ते जास्त लागलं. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच जागी पाठ करून त्यानं पट्टा सांगितला होता.

“मी पट्टा सांगितला तर पट्टाच,” तो म्हणाला. “अर्धा मिनिट चालू कर.”

तिनं इंजिन चालू केलं. नथूनं डोंगराकडे बघत ऐकलं. जाड, एकसारखी घरघर येत होती. “बग. पट्टा बसलाय. आवाज एकदम साफ.”

“साफ?” श्वेतानं काचेतून डोकं बाहेर काढलं. “आन ही किणकिण?”

“कसली किणकिण?”

“हीच. त्या दिवशी पण होती. मी बोलले होते तुमाला.”

“काय नाय तसलं.”

गॅरेजला लागूनच त्याच्या बायकोची, गोजाबाईची, चहाची टपरी आहे. ती चहा गाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आहे. मला इथवर येते आयकू.”

नथूला रातकिडे आठवले. गेली दोन वर्षं तो गावभर सांगत होता की शेतात फवारणी करून करून लोकांनी रातकिडे मारून टाकले, आता संध्याकाळी एक ओरडत नाही. लोक हो म्हणत होते. गोजाबाई तेव्हा काहीच बोलत नसे, आणि हल्ली त्याचा फोन वाजला की तीच उचलून बोलत असे. कानांची चाळीस वर्षांची पुण्याई, आणि ती कधी ओसरली हे एकट्या त्यालाच कळलं नव्हतं. त्याला भीती वाटली, आणि लाज तर त्याहून जास्त वाटली.

“बंद कर,” तो म्हणाला, आणि गाडीकडे वळला. “बॉनेट उघड. अर्धा तास थंड होऊ दे. गोजे, हिला चहा दे.”

गाडी थंड झाल्यावर त्याने पाणी भरलं आणि कामाला लागला. कान गेले तरी हात शाबूत होते. त्यानं ऑइलची पट्टी बाहेर काढून श्वेताच्या नाकासमोर धरली. “हेड गेलं म्हणाले ना? ऑइलात पाणी गेलं असतं तर दुधाच्या चहागत झालं असतं. हे बग, नुसतं काळं. आता चालू कर आन हीटर लाव.”

“काका, एप्रिल आहे.”

“लाव तर.”

काटा हळूहळू वर चढत गेला. नथूनं आत हात घालून हीटरच्या जाळीसमोर धरला आणि मग तिचा हात तिथे नेला. हवा गार होती.

“इंजिन तापलंय आन हीटर गार. म्हणजे पाणी जागचं हलत नाय,” नथू म्हणाला.

“पण पाण्याच्या पंपाची पुली फिरते की,” श्वेता उतरून बॉनेटखाली वाकून बघत म्हणाली.

“आपल्याला फिरताना दिसते.” नथूनं लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला. एरवी त्याची मूठ तो स्वतःच्या कानाला लावायचा. क्षणभर हातात घोळवून त्याने ती तिच्या कानाला लावली. “ओढणी पट्ट्यापासून लांब धर. हा डायनामो. काय येतं?”

“घरघर.”

“आन हितं?” त्यानं टोक पंपावर टेकवलं.

श्वेतानं डोळे बारीक केले. “इथंच आहे. किणकिण इथनंच येते.”

“बंद कर.”

नथूनं खिशातून तंबाखूची डबी काढली. बोटावर चुना घेतला आणि पुलीच्या मधोमध दिसणाऱ्या शाफ्टच्या टोकापासून पुलीच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली. दांडा आणि चाक मिळून एक रेघ. ती वाळेपर्यंत तो फुंकर घालत राहिला.

“चालू कर. दहा मोज आन बंद कर.”

तिनं मोठ्यानं दहापर्यंत मोजलं, बंद केलं आणि उतरून पुढे आली. रेघ मोडली होती. मधला तुकडा वर होता आणि कडेचा पार खाली गेला होता.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला,” नथू म्हणाला. “पुली शाफ्टवर सैल झालीय. पट्टा पुलीला फिरवतो, पुली एकटीच फिरते, आन आतला पंप बसून ऱ्हातो. कदी धरते, कदी सोडते. म्हणून रोज तापत नाय. हेडला काय झालेलं नाय. पंप बदलला की गाडी ठणठणीत.”

श्वेता त्या मोडक्या रेघेकडे बघत राहिली. “मग त्या दिवशी का नाय सांगितलंत?”

स्क्रू ड्रायव्हर मळलेला नव्हता, तरी नथू तो पुसत राहिला. “त्या दिवशी मी आयकून सांगितलं. बारीक आवाज मला येत नाय आता. तू बोलली होतीस किणकिण आहे, तेबी मी मानलं नाय. वर पट्टा ताणून बसवला, त्यानं आणखीन सैल झाली. चूक माझी. धोंडीबाईला मी सांगेन.”

श्वेतानं मुरबाडच्या माणसाला फोन लावला, आणि एवढंच म्हणाली, “नाय, येत नाय. गाडी द्यायची नाय.”

नथूनं आपला फोन गोजाबाईकडे दिला. त्यानं पंपावरचा नंबर वाचला आणि तिनं तो मुरबाडच्या दुकानदाराला आकडा आकडा करून सांगितला. एकच्या एसटीनं, कंडक्टरच्या पायाशी ठेवलेल्या खोक्यातून पंप आला. चारपर्यंत तो बसलाही. श्वेता घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली, काटा मधोमध होता.

“उद्याची फेरी सहाला ना?” नथूनं विचारलं.

“पावणेसहाला. धोंडीबाईला वेळ लागतो चढायला,” ती म्हणाली आणि निघाली. वळणावर तिनं हॉर्न दिला. तो नथूला ऐकू आला, म्हणजे जाड आवाज अजून येत होते.

तेवढ्यात धसईचा जैतू भाजीचा टेम्पो घेऊन आला. त्यानं इंजिन चालूच ठेवलं, दोनदा एक्सलेटर दाबला आणि नथूनं पाठ करावी म्हणून थांबला. नथूनं स्टूल उचललं, फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

“बॉनेट उघड,” तो म्हणाला.

“उघडू? आयकत नाय का आज?”

“गोजे,” नथूनं टपरीकडे वळून हाक मारली, जैतूलाच काय, पलीकडच्या ढाब्यालाही ऐकू जाईल अशी. “चहा ऱ्हाऊ दे जरा. हितं ये आन काय आयकू येतं ते सांग.”

गोजाबाई हात पुसत आली. जैतू आळीपाळीनं दोघांकडे बघू लागला. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, उजव्या कानातली कुडी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि इंजिनावर वाकून स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली. ती बोलेपर्यंत नथू काळ्या हातात ती कुडी जपून धरून उभा राहिला.